पागोट्याचं दुसरं टोक

आबांना पागोटं बांधायला आई लागायची. बांधायचे तेच, पण एवढं लांब कापड एकट्याला आवरत नाही. सकाळी डेअरीला दूध घालायला निघायच्या आधी आबा अंगणात उभे राहायचे आणि आई दारात, कापडाचं एक टोक दोन्ही हातांत धरून. दुसरं टोक आबांच्या डोक्याशी. ते वेढा देत जायचे तशी ती एकेक पाऊल पुढं यायची. कापड ढिलं पडू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम.

"ताण की जरा," आबा म्हणायचे.

"ताणलंय. आता काय लोंबकळू का त्याला?"

शेवटच्या वेढ्याला ती अगदी त्यांच्या समोर आलेली असायची. मग आबा तिच्या हातातलं टोक घेऊन कानामागं खोचायचे, आणि ती चुलीकडं वळायची. आम्हा पोरांसमोर ती दोघं एकमेकांच्या एवढ्या जवळ एरवी कधी आलेली मला आठवत नाहीत.

पागोटं लाल होतं. शेतात आबा टॉवेल गुंडाळायचे, पण घराबाहेर पडायचं तर पागोटं. उघड्या डोक्यानं त्यांना आम्ही फक्त आंघोळीच्या वेळी पाहिलेलं. लग्नानंतरची काही वर्षं त्यांनी मेंढरं घेऊन रानोमाळ काढली होती. पुढं न्हावऱ्याच्या शिवारात स्थिर झाले. ऊस आला, कांदा आला, दोन म्हशी आल्या. मेंढरं पाच-सहाच राहिली, तीही सवय म्हणून.

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. शिरूरच्या कॉलेजात रोज एसटीनं जाऊन-येऊन बी.एस्सी. केली, केमिस्ट्री घेऊन, फर्स्ट क्लासनं. हे मी आजही सांगतो आणि सांगायला लाजत नाही. कुरकुंभला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. दौंडला दोन खोल्या घेतल्या. लग्न झालं, मुलगी झाली, आणि ती साडेतीन वर्षांची झाल्यावर तिला इंग्लिश मीडियमला घातलं. मला जे बोलताना अडखळायला होतं ते तिनं न अडखळता बोलावं, एवढंच डोक्यात होतं.

शाळेत दरवर्षी फॅन्सी ड्रेस असायचा. पहिल्या वर्षी भाज्या होत्या. आमच्या मुलीला टोमॅटो मिळाला. बायकोनं लाल अस्तराची पिशवी शिवली आणि आत जुन्या उशीचा कापूस भरला. कंपनीच्या बसमध्ये त्या आठवड्यात आम्ही बापलोक दुसरं काही बोलायचोच नाही. रिअॅक्टरवर काम करणारा एक बिहारी सोबती होता, त्याच्या मुलाला भेंडी मिळाली होती. "भिंडी कैसे बनेगा आदमी, बताओ," असं तो मला रोज विचारायचा, मी सायन्सवाला म्हणून. शेवटी भेंडी झाली आणि टोमॅटोही झाला, पण आमचा टोमॅटो स्टेजवर चढला, समोरची माणसं बघितली आणि उभ्या उभ्या रडायला लागला. एकच वाक्य बोलायचं होतं, तेही राहिलं.

दुसऱ्या वर्षी विषय होता 'आपले मदतनीस'. मला तिला डॉक्टर करायचं होतं. पांढरा कोट माझ्याकडं होताच, लॅबचा, कापून लहान केला असता. मी मुद्दाम सुट्टी टाकून शाळेत गेलो. बाईंनी यादी काढली. डॉक्टर गेला होता. पोलीस, पोस्टमन, पायलट, सगळे गेले होते.

"शेफर्ड राहिलाय," बाई म्हणाल्या. "आणि तुम्हाला तर किती सोपं. मागे तिचे आजोबा आले होते ना न्यायला, पागोटं बांधून? सगळं घरीच असेल तुमच्या."

बाई चांगल्या होत्या. हसून बोलल्या, सोय बघून बोलल्या. माझे मात्र कान तापले. मी "हो, चालेल" म्हणालो आणि बाहेर आलो. गाडीला किक मारली तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. सगळं घरीच असेल तुमच्या.

रविवारी गावाला गेलो. आबांना सांगितलं तर त्यांना आधी समजलंच नाही, आणि समजल्यावर ते पोट धरून हसले.

"मेंढक्याचं सोंग? शाळंत? आमी जलमभर तेच सोंग घेऊन हिंडलो, आमाला कुनी बक्षीस दिलं न्हाई."

पण त्यांना फार आनंद झाला होता. लगेच बाभळीची एक काठी तिच्या मापानं तोडून, तासून दिली. घोंगडीचा एक तुकडा शोधला. मेंढरं बोलवायची आरोळी तिला शिकवली. तोंडाला आडवा हात लावून आधी खालच्या आवाजात, मग चढवत न्यायची, आणि शेवट एकदम तोडायचा. तिला तो शेवट जमेना. तरी तिच्या अर्ध्यामुर्ध्या आरोळीला मेंढरांनी माना वर केल्या, तेव्हा ती आनंदानं नाचली.

मी तिच्यासाठी दोन इंग्रजी वाक्यं लिहून नेली होती. ती तिनं ओट्यावर उभी राहून म्हणून दाखवली. आबांना त्यातलं काही कळलं नाही, पण प्रत्येक वेळी त्यांनी मान डोलवली.

"म्हातारे, भ्या वाटतंय का गं?" ते तिला म्हातारेच म्हणायचे.

"खूप लोक असतात, आबा."

"असूंद्यात की. तू कुनाकडं बघायचंच न्हाई. मी म्होरंच बसतो. माझं पागोटं कुठं हाय तेवढं बघायचं, आन् त्याच्याकडं बघून बोलायचं. बाकी समदी मेंढरं हायती म्हनायचं."

ती खदखदून हसली. मग आबांनी डोक्यावरचं पागोटं उतरवलं, घडी घातली आणि माझ्या पिशवीत टाकलं. आठवडाभर टॉवेल गुंडाळीन म्हणाले. "बांधू नका तुमी, तुमाला जमायचं न्हाई. मी येतो सकाळी. तिच्या डोक्याला बसंल असं बांधून देतो."

पागोटं एकच होतं. तिच्या डोक्यावर गेलं तर आबांच्या डोक्यावर असणार नव्हतं. आम्ही चार मोठी माणसं तिथं बसलो होतो, त्यांतला मी तर फर्स्ट क्लासचा, आणि ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.

दौंडला आल्यावर बायकोनं ते तिच्या डोक्याला गुंडाळून बघितलं. डोकं एवढंसं आणि कापड एवढं. मान वाकडी व्हायला लागली, दोन पावलं टाकली की सगळं डोळ्यांवर यायचं.

"आबा येऊन बांधणार आहेत ना? त्यांना येईल," बायको म्हणाली.

"एसटी वेळेवर आली नाही तर? टेलरकडं देऊ. टोपीवर शिवून देईल, आयतं घालायचं."

टेलरनं कापड टेबलावर पसरलं. मला म्हणाला, "एवढं सगळं बसायचं नाही. कापू ना?"

मी म्हणालो, "कापा."

राहिलेला अर्धा भाग त्यानं घडी करून कॅरीबॅगमध्ये घालून दिला.

आता दुसरी गोष्ट. ती मी बायकोलाही आधी सांगितली नव्हती. बाईंचं ते वाक्य ऐकल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. स्टेजवर माझी मुलगी धोतर नेसून, घोंगडी घेऊन उभी आहे, आणि पहिल्या रांगेत तसाच खराखुरा माणूस बसला आहे. लोक एकदा वर बघतात, एकदा खाली बघतात, आणि मग माझ्याकडं बघतात. त्या शाळेत मी पॅरेंट म्हणून जायचो, शर्ट खोचून, बूट घालून. ते चित्र मला सहन होत नव्हतं.

फॅन्सी ड्रेसच्या सकाळी बायको आणि मुलगी लवकरच शाळेत गेल्या, कारण कपडे तिथंच घालायचे होते. आबा आले तेव्हा घरी मी एकटाच होतो. डोक्याला टॉवेल, धुतलेलं धोतर, हातात आईनं दिलेला भाकरीचा डबा.

"कुठाय म्हातारी? पागोटं बांधायचं हाय ना?"

"तिचं झालं, आबा. आयतंच शिवून घेतलंय. तुम्ही हे घाला." पलंगावर मी माझी पँट आणि शर्ट इस्त्री करून ठेवला होता.

आबांनी पँटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "का रं? धोतराला काय झालं?"

"झालं काही नाही. इंग्लिश शाळा आहे. सगळे पँट-शर्टात येतात."

त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं."

आयुष्यात त्यांनी पँट घातली नव्हती. बटणं त्यांना जमेनात, ती मी लावली. माझा पट्टा शेवटच्या भोकातही सैल होत होता, त्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं. आरशासमोर उभे केले तेव्हा त्यांनी टॉवेल नीट करायला हात वर नेला.

"टॉवेल पण राहू द्या, आबा. पँटीवर बरा दिसत नाही."

त्यांनी टॉवेल काढून पलंगाच्या दांडीवर ठेवला. डोक्यावरून हात फिरवला. चेहरा उन्हानं रापून काळा झालेला आणि त्याच्या वर, पागोट्याखाली झाकलेलं कपाळ गोरं पान, पट्टी ओढल्यासारखं. वाटेत गाडीवर मागं बसले तर त्यांचा एक हात सारखा धोतराचा सोगा आवरायला मांडीकडं जायचा आणि तिथं काही नसायचं.

शाळेच्या मैदानात मंडप होता, प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो, पहिली पाहुण्यांची होती. डॉक्टर झाला. पोलीस झाला, त्याची मिशी बोलता बोलता पडली, सगळे हसले. मग आमची आली.

चांगली दिसत होती. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, डोक्यावर लाल पागोटं घट्ट बसलेलं. ती माइकपाशी आली आणि बोलायच्या आधी समोर बघायला लागली. डावीकडून उजवीकडं, परत उजवीकडून डावीकडं. मला कळलं ती काय शोधते आहे. आबांनाही कळलं असणार, कारण त्यांचा हात आपोआप डोक्याकडं गेला.

"आबा कुठायत?" ती माइकवर म्हणाली.

लोक हसले. आबा खुर्चीतून उठले. "मी हाय की गं म्हातारे. हितं हाय."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. पँट घातलेला, उघड्या डोक्याचा एक म्हातारा माणूस.

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "आमचे आबा."

आता सगळा मंडप हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, लहान मुलांचं बोलणं ऐकून माणसं हसतात तसंच ते होतं. तिचा ओठ थरथरायला लागला. मग आबांनी आडवा हात तोंडाला लावला आणि ती आरोळी दिली. आधी खालच्या आवाजात, मग चढवत. त्यांना एवढंच वाटलं असणार की चेहरा नाही ओळखला तर आवाज ओळखेल.

मी त्यांचा शर्ट धरून खाली ओढला. "आबा, बसा खाली."

आरोळी मध्येच तुटली. ते बसले.

आवाज ऐकून तिनं झटकन इकडं बघितलं होतं. पण तोवर आबा बसले होते, पुढच्या पाहुण्यांच्या खांद्याआड गेले होते. ती रडायला लागली. बाई आल्या, तिला कडेवर घेतलं, माइकवर म्हणाल्या, "लिटल शेफर्ड थोडा घाबरलाय," आणि तिला आत नेलं. टाळ्या वाजल्या. पुढं पोस्टमन आला.

मंडपाच्या मागं बायको तिला घेऊन उभी होती. आबा खाली उकिडवे बसले, पँट गुडघ्यात ताठ झाली, तरी बसले. तिच्या डोक्यावरचं पागोटं अलगद उचलून त्यांनी आपल्या डोक्यावर ठेवलं. ते त्यांना बसेना, वाटीसारखं वरच्या वर राहिलं.

"आबा!" ती म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडली.

"आता वळाकलंस व्हय, म्हातारे."

मग त्यांनी ते काढून हातात धरलं. आतली टोपी बघितली, टाक्यांवरून अंगठा फिरवला, कापलेली कड शोधली.

"कापलं व्हय?"

बायको म्हणाली, "मोठं होत होतं, आबा. डोक्यावर राहत नव्हतं."

"बरं केलं. एवढंसं डोकं, त्याला एवढं वझं कशाला."

आणि ते परत तिच्या डोक्यावर ठेवून दिलं.

घरी आल्यावर त्यांनी धोतर नेसलं, टॉवेल गुंडाळला, पँट काढताना तिची घडी चुकू दिली नाही. जेवले नाहीत. सकाळी खाल्लंय म्हणाले. अर्ध्या कापडाची कॅरीबॅग बायकोनं त्यांच्या पिशवीत ठेवली आणि मी त्यांना चौफुल्याच्या गाडीत बसवून आलो. शर्ट ओढल्याबद्दल मी काही बोललो नाही, त्यांनीही विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाला काय झालं ते आईनं मला पुढं कधीतरी बोलता बोलता सांगितलं. नेहमीप्रमाणं आबा अंगणात उभे राहिले, ती अर्ध्या कापडाचं टोक धरून दारात; कापड पुरेना म्हणून आबाच दाराशी सरकले. "दोन येढ्यातच सपलं," ती म्हणाली. "मी आपली दारातच."

महिन्याभरात मी शिरूरच्या बाजारातून नवं पागोटं आणलं. तसंच लाल, पुरत्या लांबीचं. आबांनी ते उलगडून बघितलं, दोन बोटांत चुरून पोत बघितला. "झ्याक हाय," म्हणाले आणि ट्रंकेत ठेवलं. डोक्याला त्यांनी पांढरी टोपी लावायला सुरुवात केली होती.

दोन-तीन वेळा विचारलं, "आबा, पागोटं बांधत का नाही?"

"टोपीच बरी. तुझ्याकडं यायचं म्हटलं तर पँटीवर बी चालती."

टोमणा नव्हता तो. टोमणा मारायचा स्वभावच नव्हता त्यांचा. त्यांनी गावातल्या टेलरकडून एक पँट शिवून घेतली होती, करड्या रंगाची. त्यानंतर दौंडला आले की तीच पँट आणि टोपी. मुलीला शाळेतून आणायला जायचे, पण गेटपर्यंत नाही. कोपऱ्यावरच्या पानटपरीपाशी थांबायचे आणि ती बाहेर आली की लांबूनच हात करायचे. ती आता त्यांना टोपीत ओळखायची.

आणि मला बरं वाटलं होतं. हे लिहायला जड जातं, पण तेव्हा मला बरंच वाटलं होतं. आबा सुधारले, असं मी कंपनीत एकाला म्हणालोही होतो.

मुलगी चौथीत असताना आबा गेले. पहाटे उठून गोठ्यात गेले आणि म्हशीपाशीच खाली बसले ते उठले नाहीत. आम्ही दौंडहून पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. आंघोळ घालून त्यांना अंगणात पाटावर बसवलं होतं, मागून दोन भाऊबंदांनी खांदे धरले होते. कपाळावरची ती गोरी पट्टी टोपीमुळं वर सरकलेली दिसत होती.

चुलते ओट्यावर बसले होते. आबांचे धाकटे भाऊ. त्यांचा एक हात वारं जाऊन लुळा पडलेला.

"टोपीवर नका धाडू त्येला," ते म्हणाले. "पागोटं बांधा. थोरल्या, तू बांध."

"मला येत नाही," मी म्हणालो.

आई उठली. आत जाऊन तिनं ट्रंक उघडली आणि ते नवं पागोटं आणलं. दुकानातली घडी तशीच होती, घडीच्या रेघांवर कापड थोडं पांढुरकं झालं होतं. एक टोक तिनं माझ्या हातात दिलं, दुसरं आपल्या हातात घेतलं आणि मागं मागं जात दारात जाऊन उभी राहिली. बाया रडायच्या थांबल्या. माझी मुलगी तिच्या आईला चिकटून बघत होती. तिला आबांचं पागोटं आठवत नव्हतं.

"उजव्या कानावरनं घे," आई म्हणाली. "आता मागं ने. आता वर चढव. पीळ दे जरा."

ती सांगेल तसं मी करत गेलो. तिनं ते कधी बांधलं नव्हतं, पण समोर उभी राहून रोज बघितलेलं होतं. माझा वेढा घसरला, तो तिनं परत घ्यायला लावला.

"दाबून घे. त्यास्नी ढिलं आवडत न्हाई."

"तू ताण की जरा," माझ्या तोंडून गेलं.

"ताणलंय," ती म्हणाली.

एकेक वेढा पडत गेला तशी ती एकेक पाऊल पुढं येत गेली. कपाळावरची पट्टी झाकली गेली. शेवटच्या वेढ्याला ती त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली, टोक हातात धरून. मी ते घ्यायला हात पुढं केला. तिनं दिलं नाही. थोडा वेळ तशीच थांबली, रोज थांबायची तशी, ते टोक तिच्या हातातून घेतील म्हणून. मग वाकली आणि तिनंच ते त्यांच्या कानामागं खोचलं.